पानं लावायचं सॉफ्टवेअर सारखं उडतंय. फॉरमॅट सोडून काही उपाय?

रेवाकाठ (सोमवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. मी सांगलीला घरून डीटीपीची कामं करते. सध्या एक १६० पानी दिवाळी अंक हातात आहे. जाहिराती अजून येतायत, संपादक रोज एक नवी कविता पाठवतायत, आणि पानं लावायचं सॉफ्टवेअर न सांगता बंद पडतंय. एरर नाही, सूचना नाही. खिडकी गायब आणि समोर डेस्कटॉप.

मशीन: विंडोज १०, एसएसडी, ८ + ८ जीबी रॅम (दुसरी पट्टी उन्हाळ्यात दुकानदाराने बसवून दिली), वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, अँटिव्हायरस बंद ठेवून पाहिला, टेम्प फाइली उडवल्या. फरक शून्य.

दुकानदाराचं एकच, "मॅडम, फॉरमॅट मारू." फॉरमॅट मारला की फॉन्ट, प्लगइन, रंगांच्या सेटिंग सगळं पहिल्यापासून बसवायचं, आणि छपाईवाल्यांना मी तारीख देऊन बसलेय.

सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर धागा कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे.

टक्स_भाऊ (सोमवार, रात्री १०:५१)

लिनक्स टाका. कायमची कटकट मिटेल.

चकलीबहाद्दर (सोमवार, रात्री १०:५३)

नऊ मिनिटं! भाऊ, या वेळी उशीर केलात. (हलके घ्या.)

पानवाला (सोमवार, रात्री ११:२०)

ताई, मीही याच धंद्यात. दिवाळीच्या तोंडावर फॉरमॅट मारू नका, आमच्याकडे एकाने मारला होता आणि अंक देवदिवाळीला निघाला. त्याआधी या गोष्टी करून बघा, कशानेच काही बिघडत नाही.

डीफॉल्ट प्रिंटर बदला. पानं लावायची सॉफ्टवेअरं फाइल उघडताना प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे कागदाचा आकार, समास वगैरे विचारतात. ड्रायव्हर गंडलेला असला तर प्रिंट न देताही सॉफ्टवेअर मरतं. 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डीफॉल्ट करून बघा.

सॉफ्टवेअरचं प्रेफरन्सेसचं फोल्डर शोधा आणि त्याचं नाव बदला. डिलीट करू नका, मागे 'जुनं' लावा. सॉफ्टवेअर नवीन फोल्डर स्वतः बनवतं. काढून परत टाकलं तरी हे फोल्डर बहुतेक वेळा तसंच राहतं, म्हणून तर रीइन्स्टॉल करून लोकांना फरक पडत नाही.

आणि विंडोजमध्ये नवीन युजर अकाउंट उघडून त्यात तीच फाइल उघडा. तिथे चाललं तर भानगड तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही.

शून्यभागिले (सोमवार, रात्री ११:४८)

पानवाला यांच्या प्रतिसादाला +१. फक्त एक विनंती, उपाय सुरू करायच्या आधी नोंदी बघू. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे आणि "सारखं क्रॅश होतं" एवढ्या वाक्यावर आम्हाला काहीच करता येत नाही.

स्टार्ट मेन्यूत 'रिलायबिलिटी' टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. आलेखात लाल फुल्या दिसतील, प्रत्येक फुली म्हणजे एक काहीतरी पडलं. फुलीवर टिचकी मारा, खालच्या नोंदीत 'टेक्निकल डीटेल्स' उघडा आणि तीन गोष्टी उतरवून घ्या: फॉल्ट मॉड्यूलचं नाव (कुठल्या फाइलीत पडलं), एक्सेप्शन कोड (कुठल्या प्रकारे पडलं), एक्सेप्शन ऑफसेट (त्या फाइलीतली नेमकी जागा). जमतील तितक्या फुल्यांच्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ते एकाच ठिकाणी पडतं का? तेच पान, तीच क्रिया? की कुठेही, कधीही?

रेवाकाठ (मंगळवार, सकाळी ७:१५)

प्रिंटर बदलला, प्रेफरन्सेसचं फोल्डर बाजूला ठेवलं, नवीन युजरही करून पाहिला. तिन्हीकडे तेच.

लाल फुल्या बघून घाबरायला झालं, आलेखाला गोवर आल्यासारखा दिसतोय. इंग्रजीतलं देवनागरीत टंकते, चूक असेल तर समजून घ्या. बऱ्याच नोंदींत सॉफ्टवेअरचंच एक डीएलएल (प्रोग्रॅमचा एक भाग असलेली फाइल) आहे, नावात 'टेक्स्ट' आहे. कोड सी००००००५ आणि ऑफसेट दर वेळी तोच, अगदी अक्षरन् अक्षर. बाकीच्या नोंदी वेगवेगळ्या: कुठे एनटीडीएलएल (विंडोजची स्वतःची फाइल) आणि सी००००३७४, कुठे सी००००००५ पण दुसऱ्याच डीएलएलमध्ये, आणि एका ठिकाणी सी०००००१डी.

एकाच ठिकाणी का? हो आणि नाही. ९० ते १०० च्या मधल्या पानांवर गेलं की पडतंच. पण पीडीएफ काढताना पडतं तेव्हा कधी पान ३० वर, कधी १२० वर.

सायबर_सम्राट (मंगळवार, सकाळी ८:०२)

एनटीडीएलएल करप्ट झालीय. डीएलएल फुकट देणाऱ्या साइटी आहेत. तिथून उतरवून सिस्टम३२ मध्ये टाका, काम होईल.

शून्यभागिले (मंगळवार, सकाळी ८:१०)

ताई, कृपा करून हे करू नका. अशा साइटवरून आणलेली सिस्टमची फाइल म्हणजे मशीनमध्ये पाहुणा कोण येतोय ते न बघता दार उघडणं. विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासायच्या असतील तर कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून 'एसएफसी' लिहा, मध्ये जागा सोडून 'स्लॅश स्कॅननाऊ'. खराब फाइली विंडोज स्वतःच्या साठ्यातून बदलतं.

आणि एनटीडीएलएलचं नाव आलं म्हणून दोष तिचा नसतो. विंडोजवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम मेमरी मागायला आणि परत द्यायला शेवटी तिच्याकडेच जातो. सी००००३७४ म्हणजे हीप करप्शन, प्रोग्रॅमच्या मेमरीचा हिशेब बिघडल्याचं तिच्या लक्षात आलं आणि तिने काम थांबवलं. बिघडवणारा आधीच येऊन गेलेला असतो, कधी कधी बराच आधी.

बाकीच्यांचा अर्थ सांगतो.

सी००००००५ म्हणजे अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. ऑपरेटिंग सिस्टम प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची मेमरी आखून देते. आपल्या नसलेल्या पत्त्यावर हात घातला की सिस्टम प्रोग्रॅमला तिथल्या तिथे बंद करते. वैताग येतो, पण हे आपल्या भल्यासाठीच असतं. नाहीतर तो चुकीच्या जागी लिहीत सुटला असता आणि तुमची १६० पानं सेव्हच्या वेळी भेळ होऊन गेली असती.

सी०००००१डी म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शन. प्रोसेसरसमोर असा हुकूम आला जो त्याच्या भाषेतच नाही. विकत मिळणाऱ्या, इतर हजारो लोकांकडे नीट चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जे तुमच्याच मशीनवर आत्तापर्यंत चालत होतं, असा हुकूम एकाएकी कुठून येणार? ही नोंद मला आवडलेली नाही.

माझा अंदाज, तुमच्याकडे दोन वेगळे आजार एकाच वेळी आहेत. म्हणून कुठलाही एक उपाय केला तरी "फरक नाही" असंच दिसतंय. एक आजार ठरलेल्या जागी पाडतो (टेक्स्टवालं डीएलएल, तोच ऑफसेट, ९० ते १०० पानं). दुसरा कुठेही. दोन्हींचे कोड एका यादीत बघू नका.

चकलीबहाद्दर (मंगळवार, सकाळी ९:३०)

आणि आम्ही इतकी वर्षं "रीस्टार्ट करून बघ" एवढ्यावर घर चालवतोय.

शून्यभागिले (मंगळवार, सकाळी ९:४४)

त्यामागेही शास्त्र आहे, हसू नका. जिम ग्रे यांचा १९८५ चा एक निबंध आहे, संगणक का बंद पडतात या विषयावर. टँडम कंपनीत होते तेव्हाचा. त्यांनी दोष दोन प्रकारांत मांडले. बोरबग म्हणजे घट्ट, तेच केलं की तेच होणारा. हायझेनबग म्हणजे शोधायला गेलं की नाहीसा होणारा, नोबेलवाल्या हायझेनबर्गच्या नावावरून. त्यांचं म्हणणं असं की चालू असलेल्या, तपासून बाहेर पडलेल्या यंत्रणेत बहुतेक दोष दुसऱ्या प्रकारचे उरतात, कारण पहिल्या प्रकारचे आधीच सापडून दुरुस्त झालेले असतात. मग पुन्हा सुरू केलं की परिस्थिती थोडी बदलते आणि गाडी पुढे जाते. रीस्टार्टने म्हणून भागतं. रेवाताईंचा ९० ते १०० पानांवाला मात्र बोरबग आहे, तो रीस्टार्टला भीक घालणार नाही.

हिरवी_मिरची (मंगळवार, सकाळी १०:०५)

मध्येच विचारते, हँग होणं आणि क्रॅश होणं एकच ना? माझं हँग झालं की मी लगेच टास्क मॅनेजरमधून मारते.

शून्यभागिले (मंगळवार, सकाळी १०:२१)

नाही. क्रॅश म्हणजे मेला. हँग म्हणजे जिवंत आहे पण ओ देत नाही. खिडकीने पाच सेकंद विंडोजच्या निरोपांकडे पाहिलं नाही की विंडोज 'नॉट रिस्पॉन्डिंग' लावतं. तो आत मोठी फाइल वाचत असेल, नेटवर्कच्या ड्राइव्हची वाट बघत असेल. टास्क मॅनेजरमध्ये त्याची सीपीयू आणि डिस्कची हालचाल बघा. आकडे हलत असतील तर चहा टाका, मारू नका. सेव्ह चालू असताना मारलं तर फाइलच जाईल.

खोडरबर (मंगळवार, दुपारी १:३०)

पोरीनं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की उन्हाळ्यात दुसरी पट्टी टाकली, आणि तुम्ही लोक जिम ग्रेपर्यंत पोचलात.

मी नाशिकला मशीन दुरुस्तीच करतो, फ्लॉपीच्या काळापासून. मशीन बंद कर, वायर काढ, दोन्ही पट्ट्या काढ, सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरव, कण झटक, घट्ट बसव. निम्म्या मशिनी यातच उठून बसतात.

शून्यभागिले (मंगळवार, दुपारी १:४१)

काका, रॅमचा संशय मलाही आहे, सी०००००१डी मुळेच. पण त्याच डीएलएलमध्ये त्याच ऑफसेटवर दर वेळी पडणं रॅमने होत नाही. विंडोज प्रोग्रॅमला दर वेळी रॅमचा वेगळा तुकडा देतं. खराब जागा एकाच ओळीच्या वाट्याला रोज येणार नाही.

खोडरबर (मंगळवार, दुपारी १:५५)

बरं, तो तुझा. दुसरा माझा.

पानवाला (मंगळवार, दुपारी २:१०)

तोवर पहिला शोधू. ताई, फाइलची कॉपी करा आणि कॉपीवरच काम करा. अर्धी पानं उडवा, पडतं का बघा. पडलं तर दोष उरलेल्या अर्ध्यात, नाही पडलं तर उडवलेल्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. १६० पानं असली तरी आठ वेळा अर्धं केलं की एका पानावर येता. तुम्हाला तर दहाच पानांतला आहे हे माहीत आहे, चारांत काम. पान सापडलं की त्यावरच्या चौकटी एकेक उडवा, मग मजकुराचं अर्धं, मग ओळी.

चित्रांवर आधी संशय घेतला तर वेळ जाईल असं वाटतं. टेक्स्टचं डीएलएल आहे, मजकूरच असणार.

रेवाकाठ (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

सापडलं!! पान ९७, एक कविता. कवींनी स्वतःचा आवडता फॉन्टही सोबत पाठवला होता आणि "याच टायपात हवी" असा संपादकांचा निरोप होता. अर्धं अर्धं करत शेवटी एका ओळीवर आले. त्या ओळीत 'डोंगरदऱ्या' आहे. तो शब्द काढला की फाइल चालते, घातला की पडते. तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये केला तरी चालतो. म्हणजे शब्द + तो फॉन्ट, दोघं एकत्र आले की खेळ खलास.

एका शब्दाने अख्खं सॉफ्टवेअर कसं पडू शकतं?

ब्रसेल्सकर (मंगळवार, रात्री ८:१५)

पडू शकतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षराने जगभरचे आयफोन हैराण केले होते. ते अक्षर असलेला निरोप आला की निरोपाचं अ‍ॅप बंद, आणि नोटिफिकेशनमध्ये दिसलं तर होमस्क्रीन सांभाळणारा भागच कोसळायचा. लोक ते एकमेकांना खोडी म्हणून पाठवत होते. अ‍ॅपलने आठवड्याभरात आयओएस ११.२.६ काढून ते मिटवलं.

आपल्या लिप्यांत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. वेलांटी मागे न्यायची, रफार डोक्यावर चढवायचा, जोडाक्षर घडवायचं. हे सगळं शेपिंग इंजिन करतं, आणि त्याचे नियम फॉन्टच्या फाइलमधल्या तक्त्यांत असतात. फॉन्ट म्हणजे फक्त अक्षरांची चित्रं नव्हेत. तक्त्यात एखादी नोंद चुकीच्या जागेकडे बोट दाखवत असेल आणि वाचणाऱ्याने ती न तपासता वाचली, की झालं अ‍ॅक्सेस व्हायोलेशन.

आणि 'दऱ्या'तला तो अर्धा र आपला खास. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दिसायला दोन्ही सारखे. जुन्या फॉन्टमध्ये एकाचीच सोय असू शकते. हिंदीला हा र लागत नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये हा कोपरा कुणी तपासलेलाच नसतो.

पानवाला (मंगळवार, रात्री ८:४०)

ब्रसेल्सकरांचं खरं आहे, पण ताई, अजून एक बघा. त्या फॉन्टचं आतलं नाव तुमच्याकडे आधीच असलेल्या एखाद्या फॉन्टसारखंच आहे का? फाइलचं नाव वेगळं असलं तरी आतलं नाव सारखं असू शकतं. दोन आवृत्त्या एका नावाने बसल्या की एक दुसरीचे तक्ते वापरायला बघते. डीटीपीवाल्यांच्या मशीनवर हजार हजार फॉन्ट असतात, त्यात हे सर्रास.

फॉन्ट काढा. मग सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवा, तिच्या कॅशच्या (साठवून ठेवलेल्या माहितीच्या) फाइली उडवा, रीस्टार्ट करा. नुसता फॉन्ट काढून कॅश ठेवली तर भूत राहतं. कवितेला मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका लावा, दोन्ही फुकट आणि दोन्हींत दऱ्याखोऱ्या नीट येतात.

टक्स_भाऊ (मंगळवार, रात्री ८:४४)

लिनक्सवर हार्फबझ हे शेपिंग इंजिन आहे, हे झालंच नसतं.

ब्रसेल्सकर (मंगळवार, रात्री ८:५२)

हार्फबझ फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस सगळीकडे आहे, विंडोजवरही. चांगलं आहे कारण वाकड्या फाइली मुद्दाम खायला घालून त्याची सतत परीक्षा घेतली जाते. लिनक्समुळे नव्हे.

रेवाकाठ (बुधवार, सकाळी ११:३०)

पानवालादादा, अगदी तसंच निघालं. त्याच नावाची जुनी आवृत्ती माझ्याकडे आधीपासून होती. दोन्ही काढल्या, कॅश साफ केली, कविता शोभिकात लावली. ९० ते १०० वर आता फिरफिर फिरले, पडत नाही. कवींना अजून सांगितलेलं नाही, ते काम संपादकांचं.

पण पीडीएफ काढताना अजून पडतंय. आज ब्राउझरचा टॅबही आपोआप गेला. आणि काल संपादकांना पानांची झिप पाठवली तर त्यांच्याकडे 'सीआरसी एरर' म्हणून उघडेना. नेटचा प्रॉब्लेम असेल म्हणून मी परत पाठवली. याचा काही संबंध?

खोडरबर (बुधवार, सकाळी ११:३६)

पट्टी. पट्टी. पट्टी.

शून्यभागिले (बुधवार, सकाळी ११:५०)

झिपची गोष्ट आधी कळली असती तर बरं झालं असतं! झिप बनवताना प्रत्येक फाइलची एक बेरीज काढून सोबत ठेवतात, ती सीआरसी. उघडताना बेरीज जुळली नाही म्हणजे मधे कुठेतरी बिट बदलला. अर्धवट डाउनलोडनेही तो एरर येतो, मान्य. पण एक सॉफ्टवेअर पडतंय, ब्राउझर पडतोय, झिप बिघडतेय: तिघांत समान काय? तिघंही एकाच रॅममधून जातात. काका, आता तुम्ही बोला.

खोडरबर (बुधवार, दुपारी १२:२०)

नीट ऐक पोरी. विंडोजमध्ये स्वतःचं 'मेमरी डायग्नोस्टिक' आहे, पण ते कधी कधी आजारी पट्टीला पास करतं. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ टाक. फुकट आहे. मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू कर आणि रात्री झोपताना सोडून दे, कमीत कमी चार फेऱ्या होऊ देत. एकही लाल ओळ आली तर नापास. "दोनच एरर आहेत, चालेल" असं यात नसतं.

लाल आलं तर एक पट्टी काढ, दुसरीवर परत चालव. मग अदलाबदल. पट्टी खराब की खाच खराब ते असं कळतं.

अजून एक. दोन पट्ट्यांचा वेग वेगळा असला आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू असलं तर दोघी वेगवेगळ्या चांगल्या आणि एकत्र भांडतात. एक्सएमपी बंद करूनही एकदा बघ. दुकानदार पट्टी टाकतो, विंडोज १६ जीबी दाखवतं, पैसे घेतो, जातो. रात्रभर तपासायला कुणाला वेळ आहे?

ब्रसेल्सकर (बुधवार, दुपारी ४:०५)

बिट पलटण्यावरून आमच्या गावची गोष्ट. ब्रसेल्सचाच एक भाग आहे स्खारबेक. १८ मे २००३ च्या निवडणुकीत तिथे इलेक्ट्रॉनिक मतदानात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली. तिला मिळणं शक्यच नव्हती एवढी, म्हणून लक्षात आलं. फेरमोजणी केली. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडेना. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, म्हणजे मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला होता. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा कण आदळला असावा, असा तर्क मांडला गेला. सिद्ध करणं अर्थातच अशक्य.

चकलीबहाद्दर (बुधवार, दुपारी ४:११)

म्हणजे आता दुकानदाराला सांगायचं, तुझी पट्टी नाही, आकाशगंगा जबाबदार आहे.

खोडरबर (बुधवार, दुपारी ४:३०)

किरण एकदा येतो. रोज दुपारी पीडीएफ काढताना येत नाही.

मोरपीस७ (बुधवार, संध्याकाळी ७:००)

रॅम पास झाली तर प्रोसेसरही बघा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होण्याचा प्रकार २०२४ मध्ये जाहीर झाला. कंपनीने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्यातही लक्षणं अशीच: गेम पडतात, झिप उघडेना, आणि एरर मात्र ग्राफिक्सच्या मेमरीचा.

रेवाकाठ (बुधवार, संध्याकाळी ७:२०)

माझा प्रोसेसर त्याहून बराच जुना आहे, पण माहिती कामाची. रात्री मेमटेस्ट लावते.

रेवाकाठ (गुरुवार, सकाळी ६:३५)

सकाळी उठून बघते तर स्क्रीन लालेलाल. काका, साष्टांग.

एकेक पट्टी लावून परत चालवलं. जुनी पट्टी दोन्ही खाचांत स्वच्छ. नवी दोन्हींत लाल. खोडरबरही फिरवून झाला, एक्सएमपी आधीपासून बंदच होतं. आता मशीन एकट्या जुन्या ८ वर चाललंय. हळू आहे, पण पीडीएफ पहिल्या झटक्यात पूर्ण निघाली, १६० च्या १६० पानं.

दुकानदाराकडे पट्टी घेऊन गेले. आधी "असं कधी होत नाही" झालं. मग मोबाइलवरचा फोटो दाखवला तर वॉरंटीत बदलून देतो म्हणाला. तेवढंच नाही, ते मेमटेस्ट कुठून घेतलं हेही विचारून घेतलं.

पानवाला (गुरुवार, सकाळी ७:०५)

अभिनंदन! आता एक अंक आम्हालाही पाठवा.

शून्यभागिले (गुरुवार, सकाळी ९:१५)

आनंदात खोडा घालतो, माफ करा, पण हे राहता कामा नये. ती पट्टी उन्हाळ्यापासून होती. तेव्हापासून जे जे सेव्ह केलं, कॉपी केलं, ते त्या पट्टीतून गेलं. क्रॅश झालं ते कळलं तरी. बिट चित्राच्या मधोमध किंवा मजकुरात पलटला तर काहीच पडत नाही, फक्त चुकीचं सेव्ह होतं. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, ती एक बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते. आपल्या मशिनींत बहुधा नसते.

म्हणून अंकाची सगळी पानं छपाईला देण्याआधी डोळ्यांनी बघा. चित्रांत आडवे पट्टे, अर्धं राखाडी, मजकुरात एखादंच विचित्र अक्षर. आणि या काळात जुनं काम कुठे हलवलं असेल तर ते सांगा.

रेवाकाठ (गुरुवार, सकाळी ९:४०)

हलवलंय ना. जूनमध्ये जुन्या हार्डडिस्कवरचे मागचे सगळे अंक नव्या डिस्कवर घेतले. जुनी डिस्क सुदैवाने कपाटात तशीच आहे.

शून्यभागिले (गुरुवार, सकाळी १०:०२)

मग काम सोपं आहे. पुसू नका ती! जुन्या आणि नव्या डिस्कवरच्या फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढून जुळवायचे. एखाददुसऱ्या फाइलीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल', जागा, डॅश 'हॅशफाइल', जागा, फाइलचं नाव, जागा, 'एसएचए२५६'. लांबलचक आकडा येईल, दोन्हीकडे सारखा हवा. पण तुमच्याकडे शेकडो फाइली असणार, त्यापेक्षा दोन फोल्डर मजकुरासकट जुळवणारं एखादं फुकट साधन घ्या. त्यात तारीख आणि आकार नव्हे, 'कंटेंट' जुळवायचा पर्याय निवडा. बिट पलटला तरी आकार तोच राहतो. आणि हे काम आता, चांगल्या पट्टीवरच करा.

रेवाकाठ (शुक्रवार, रात्री ११:१०)

तुलना संपली. बहुतेक सगळं जुळलं. सात फाइली वेगळ्या निघाल्या. त्यातल्या पाच टिफ (चित्रांच्या फाइली), एकीत उजव्या कोपऱ्यात हिरवी रेघ, बाकी चारांत मला तरी डोळ्यांना काही दिसत नाही. एक पीडीएफ उघडतच नाही. आणि एक जुनी लेआउटची फाइल. सातही जुन्या डिस्कवरून परत घेतल्या.

चालू अंकाची पानं मी आणि बहिणीने मिळून वाचली. एका जाहिरातीत सराफांच्या फोन नंबरच्या जागी एक आकडा आणि एक चौकोन होता. तो पट्टीचा की टायपिंगचा, देव जाणे. मूळ ईमेल बघून दुरुस्त केला. फाइल उद्या छपाईला जाते.

खोडरबर (शुक्रवार, रात्री ११:२५)

नवीन पट्टी आली की आधी रात्रभर मेमटेस्ट, मग काम. दुकानदाराने दिली म्हणून विश्वास ठेवू नकोस.

हिशेबनीस (शनिवार, सकाळी १०:००)

छान धागा. माझं पण हिशेबाचं सॉफ्टवेअर सारखं बंद पडतंय. काय करू?

चकलीबहाद्दर (शनिवार, सकाळी १०:०१)

लिनक्स टाका.

शून्यभागिले (शनिवार, सकाळी १०:०९)

नवीन धागा काढा. त्यात मॉड्यूल, कोड आणि ऑफसेट लिहा, आणि ते एकाच जागी पडतं की कुठेही, ते पहिल्या ओळीत.